सहदेवकाकांचा राब

आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर एक फोटो आहे. निळा उजेड, काळी कपाटं आणि मधे एक सुटातला माणूस हाताची घडी घालून उभा. असा माणूस सात वर्षांत मी आत पाहिलेला नाही. आत असतो मी, माझ्या जोडीला कमलेश, आणि पंख्यांचा असा आवाज की घरी गेल्यावरही तासभर कानात घोंघावतो. फोटोखाली लिहिलंय की तुमची वेबसाइट आमच्याकडे ठेवा, ती कधीच बंद पडणार नाही. या एप्रिलपर्यंत ते बऱ्यापैकी खरं होतं.

लोकांना वाटतं वेबसाइट हवेत असते. अरे बाबा, हवेत काही नसतं. कुणाच्या तरी भाताच्या शेतात भिंत घालून, आत गार खोली बांधून तिथं मशीन ठेवलेलं असतं, आणि माझ्यासारखा माणूस ते राखत बसलेला असतो. आमच्याकडे वीज दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. दोन्ही गेल्या तर बॅटऱ्या, आणि बॅटऱ्या दम धरतात तोवर जनरेटर सुरू. पावसाळ्यात कर्जत-खोपोली रस्त्याच्या आतल्या आमच्या गावात तीन-तीन दिवस लाइट नसते, तेव्हा माझी चुलती विमलकाकी मला मोबाइल द्यायला बघते. म्हणते, "तुज्या मशिनीला लावून आन रं, तुमच्याकडं मोप हाय." तिला किती वेळा सांगितलं की आत मोबाइल नेता येत नाही. तिला वाटतं मी कंजूषपणा करतो.

आमची कंपनी आगीला जितकी घाबरते तितकी कशालाच घाबरत नाही. मशीनवर पाणी मारता येत नाही, म्हणून आग विझवायला छतातून गॅस सोडायची सोय आहे. धूर हुंगायला खोलीभर बारीक नळ्या आहेत. त्या सतत हवा ओढून तपासतात, आणि माणसाच्या नाकाला कळायच्या कितीतरी आधी त्यांना कळतं. धूर कळला की दोन मिनिटांत गॅस आपोआप सुटतो. व्यवस्था उत्तम आहे, फक्त ती बसवणाऱ्याला राब माहीत नव्हता.

राब म्हणजे काय हे कर्जत-खालापुरात कुणाला सांगावं लागत नाही, पण तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो. भाताचं रोप जिथं टाकायचं तो तुकडा पावसाआधी भाजून घेतात. शेण, ऐनाच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. तण मरतं, रोप जोमानं येतं. कृषी खात्याचे साहेब दर वर्षी येऊन सांगतात की आता भाजायची गरज नाही. सहदेवकाका त्यांना चहा पाजतात आणि ते गेले की राब भाजतात.

सहदेवकाका माझे सख्खे चुलते. त्यांची आणि आमची जमीन लागून. माझ्या वडिलांनी आमची कंपनीला विकली, त्याच बोलीवर मला नोकरी लागली. काकांनी विकली नाही. त्यामुळे आता कंपनीची बारा फुटी भिंत आणि भिंतीला चिकटून काकांचा राबाचा तुकडा. भिंतीच्या आत नेमकी बॅटऱ्यांची खोली, आणि तिची हवा घ्यायची झडप त्याच बाजूला. नकाशा काढणारा मुंबईत बसला होता, त्याला काय जातंय.

तीन वर्षांपूर्वी काकांनी राब पेटवला, धूर झडपेतून आत आला, नळ्यांनी हुंगला आणि गॅस सुटला. जळलं काहीच नव्हतं. तरी आमचे मॅनेजर योगेंद्र सर दोन दिवस माझ्याशी असं बोलत होते की जणू मीच काडी लावली. काकांना कळलं तेव्हा ते बिचारे कानकोंडे झाले. "मला आदी सांगायचं ना रं, मन्या," एवढंच म्हणाले. मग आमच्यात ठरलं. राब पेटवायचा असेल त्याच्या आदल्या दिवशी काकांनी मला सांगायचं. मी त्या वेळी झडप बंद करणार आणि त्या खोलीचा गॅस हातावर घेणार, म्हणजे धूर आला तरी तो आपोआप सुटणार नाही, कुणीतरी जाऊन बटण दाबावं लागेल. गॅस हातावर असेल तोवर एका माणसाने त्या खोलीच्या दारात उभं राहायचं, हा नियम. योगेंद्र सरांना सगळं माहीत होतं. दोन वर्षं बिनबोभाट चाललं.

यंदा मंगळवारी संध्याकाळी काका म्हणाले, "उद्या धा वाजता भाजतो." बुधवारी पावणेदहाला मी झडप बंद केली, गॅस हातावर घेतला आणि कमलेशला दारात उभं केलं. तेवढ्यात डिझेलचा टँकर आला. टँकर आला की माप घ्यायला आमच्यातलं कुणीतरी लागतं. मी कमलेशला म्हटलं, जा, मी इकडं बघतो. आणि मी आमच्या खोलीतल्या मशीनच्या पडद्यासमोरच बसून राहिलो. खरं सांगायचं तर मला उठायचा कंटाळा आला होता.

दहा वीसला पडद्यावर बॅटरी खोलीत धूर दाखवायला लागला. झडप बंद असताना धूर आला कुठून, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण आदल्या वर्षीही दाराच्या फटीतून थोडा शिरला होता. आणि एप्रिल महिना, सकाळची वेळ, आमच्या गावात धूर म्हणजे राबच. मी इथं जन्मलो, मला तो धूर कधी धोक्याचा वाटलाच नाही. उलट बरं वाटलं. योगेंद्र सरांचा केबिनमधून फोन आला, "मनोज, धूर दाखवतंय." मी म्हटलं, "राब आहे सर." ते म्हणाले, "हां, ठीक," आणि फोन ठेवला. ते गेली सात वर्षं इथंच राहतात, त्यांचीही सवय झाली असणार.

पावणेअकराला कमलेश मापाचा कागद घेऊन आत आला. पडदा बघून म्हणाला, "हे काय?"

"काकांचा राब."

"कुठला राब? मी आत्ता बाहेरून आलो ना. बाहेर धूरबीर काय नाय."

मी पळालो. खोलीच्या काचेतून काळं काळं दिसत होतं. बटण दाबलं, गॅस सुटला, आग विझली. तोवर बॅटऱ्यांची एक अख्खी रांग जळून गेली होती. वेळेवर कळलं असतं तर एकच बॅटरी गेली असती. एका बाजूची वीज तुटली. बहुतेक मशिनं दुसऱ्या बाजूवर चालू राहिली, पण ज्यांनी एकाच बाजूच्या विजेची स्वस्तातली जागा घेतली होती, त्यांच्या वेबसाइटी चाळीस मिनिटं बंद होत्या. त्यात एका कॉलेजचे प्रवेशाचे फॉर्म होते आणि शेवटची तारीख तीच होती. माणूस कुणी दगावला नाही, हे नशीब.

बारा वाजता योगेंद्र सरांनी मला केबिनमध्ये घेतलं. मला वाटलं ओरडतील. ते अगदी शांत होते. म्हणाले, "उद्या मुंबईहून चौकशीला माणसं येतायत. धूर असताना तू पंचवीस मिनिटं बसून होतास आणि दारात माणूस नव्हता. नुसतं एवढंच असेल तर तू गेलास, आणि तुझ्यामागून मीही. पण बाहेर राब जळत होता, त्या धुरात आतला धूर कळला नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी. मग चूक त्या शेतकऱ्याची. तसं लिहून दे. आता घरी जा."

मी म्हटलं, "शेतकऱ्याचं काय होईल?"

"ते कंपनीचे वकील बघतील," ते म्हणाले.

त्या वेळी मला खरंच वाटत होतं की राब जळलाय. कमलेशला दिसला नसेल, एवढंच. तेव्हा काकांना आधीच सावध करावं म्हणून मी तसाच युनिफॉर्मवर त्यांच्याकडे गेलो. बांधावरून बघतो तर राब जसाच्या तसा. वरची माती कुणी बोटानंही हलवलेली नाही.

काका पडवीत दोर वळत बसले होते. विमलकाकी आत भाकरी टाकत होती. मी विचारलं, "काका, राब नाय पेटवला?"

"गेलतो सकाळी काडेपेटी घेऊन," काका म्हणाले. "वारा पार तुमच्याकडं व्हता. म्हटलं, आज नको. झडप लावली तरी मन्याच्या मशिनीत धूर शिरायचा."

"मग ऑफिसात फोन का नाय केला?"

"पेटवायचा असला की सांगायचं, असं तूच म्हटलं व्हतंस. नाय पेटवला तर काय सांगायचं? न केलेल्या कामाचा फोन करतं का कोन?"

त्यांचं बरोबर होतं, आणि ते बरोबर होते म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी त्यांना अडाणी म्हणालो. म्हातारपणी अक्कल गेली म्हणालो. विमलकाकी हातातलं पीठ तसंच ठेवून दारात येऊन उभी राहिली, तरी मी थांबलो नाही. झालेलं सगळं सांगितलं, योगेंद्र सर काय म्हणाले तेही सांगितलं. ज्या माणसाने माझ्यासाठी वाऱ्याकडे बघून काडी खिशात परत घातली, त्याला मी हे बोललो. मला त्याची लाज वाटते आणि ती अजून गेलेली नाही.

काकांनी दोर बाजूला ठेवला. म्हणाले, "म्हंजे राब जळला असता तर तुजी नोकरी राहिली असती?"

"राहिली असती."

"बरं," काका म्हणाले.

मला घरी पाठवलंय हे सांगायची मला शरम वाटली. मी म्हटलं, "जातो ड्यूटीवर," आणि मोटारसायकल काढून दहिवलीला, आता राहतो त्या घरी आलो. रात्री ठरवलं की उद्या सरळ खरं सांगायचं. राब पेटलाच नव्हता, भिंतीला वळसा घालून कुणीही जाऊन बघू शकत होतं, तेव्हा खोटं चालणारच नव्हतं. मी इतका सज्जन झालो तो नाइलाजाने.

गुरुवारी अकराला मुंबईची मंडळी आली. तिघं होते, त्यांची मुख्य ऋतिका मॅडम. वयाने माझ्याहून लहान, कमी बोलणारी बाई. गेटवर मला पाहुण्यांचं कार्ड गळ्यात घालायला लावलं, सात वर्षांत पहिल्यांदा. मॅडम म्हणाल्या, "आधी ती शेताची जागा बघू." आम्ही भिंतीला वळसा घालून गेलो.

राब जळून काळा झाला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट, एकही डहाळी अर्धवट राहिली नव्हती. काठाकाठानं अजून बारीक धूर येत होता.

काका धुतलेला सदरा आणि टोपी घालून बांधावर उभे होते. विमलकाकी थोडी लांब, आमच्याकडे पाठ करून गवत वेचत होती. तिथं वेचण्यासारखं गवत नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "हे तुम्ही पेटवलंत?"

"व्हय. मीच."

"कधी?"

"काल सकाळी धा वाजता."

"वारा कुठल्या बाजूला होता, आठवतं?"

"तुमच्याकडंच व्हता," काका म्हणाले. तेवढं एक खरं होतं. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. योगेंद्र सर मात्र माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर मी वर्षानुवर्षं न पाहिलेली माया होती.

मी काय केलं? काही नाही. गप्प राहिलो. काल खोटं बोलायची सोय नव्हती, आज झाली होती, आणि ती काकांनी करून दिली होती. माझी बायको, दोन मुली, दहिवलीचं घर, सगळं त्या राखेवर उभं होतं. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काय होणार आहे? फार तर चार शब्द ऐकून घेईल.

मग आम्ही मीटिंगच्या खोलीत बसलो. तिथं भिंतीवर मोठा पडदा आहे, आणि खालच्या कपाटात कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंगं बघायची सोय. काकांच्या गळ्यातही पाहुण्यांचं कार्ड होतं. गार हवेनं ते आखडून बसले होते. योगेंद्र सरांनी दोन कागद तयारच ठेवले होते. एक माझा जबाब, एक काकांचा. काकांचा त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. राब मी पेटवला, त्याच्या धुरामुळे कंपनीच्या कामात अडथळा आला, या जागेत यापुढे कधीही आग लावणार नाही. पोलिसांत तक्रार होईल ती वेगळी, असंही ते म्हणाले.

काकांनी विचारलं, "कदीच म्हंजे? राब भाजायचाच नाय?"

"नाही. कधीच नाही."

काकांच्या सगळ्या शेतीला रोप त्याच तुकड्यावरचं, बाकीची खाचरं पाण्याखाली जातात. राब गेला की रोप गेलं, आणि रोप गेलं की जमीन विकायची. गिऱ्हाईक एकच, भिंतीपलीकडचं. हे खोलीत दोघांनाच माहीत होतं.

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी पेन हातात घेतलं. काका चौथी शिकलेत. सही करताना एकेक अक्षर कोरल्यासारखं काढतात. त्यांनी 'स' काढला, आणि कालचं तेच 'बरं' माझ्या डोक्यात परत वाजलं.

मी म्हणालो, "मॅडम, सही घ्यायच्या आधी मागच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघा."

योगेंद्र सर लगेच म्हणाले, "त्याची काय गरज आहे? ते स्वतः कबूल करतायत."

"मन्या, गप," काका म्हणाले.

मॅडमनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "रेकॉर्डिंग किती दिवस राहतं?"

"नव्वद," मी म्हटलं.

कमलेशला बोलावलं. तो लावता लावता माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "हात दाखवून अवलक्षण करतोयस तू." मी म्हटलं, लाव.

पडद्यावर बुधवारची सकाळ आली. खाली कोपऱ्यात वेळ, दहा वाजून वीस. राब तसाच, वर माती. त्यावर एक बगळा चालत होता. दहा चाळीस. बगळा उडाला होता, राब तसाच. अकरा. मॅडम म्हणाल्या, "पुढे घ्या." कमलेशनं पळवलं. एक वाजता बांधावर युनिफॉर्ममधला मी आलो आणि गेलो. सावल्या लांब झाल्या. पाच वाजून चाळीस मिनिटांनी काका आले.

एकटेच होते. त्यांनी चपला काढून बांधावर ठेवल्या. वाकून मातीला हात लावून कपाळाला लावला, जसा दर वर्षी लावतात. भिंतीपासून लांबच्या टोकाला काडी ओढली. आग सावकाश इकडे सरकत आली आणि ते काठी घेऊन तिच्या कडेकडेनं फिरत राहिले, कुठं जास्त पेटेल तिथं माती टाकत. सगळा तुकडा पेटल्यावर ते भिंतीजवळ आले. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली उभे राहिले, टोपी काढली आणि तोंड वर करून सरळ आमच्याकडे बघितलं. मग हात वर केला आणि दोनदा मान हलवली. बराच वेळ तसेच उभे होते.

योगेंद्र सरांनी दोन्ही कागद उचलून फाइलमध्ये परत घातले. मॅडमनी चित्र तिथंच थांबवायला सांगितलं.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून काय सांगत होतात?"

काका अजून पडद्याकडेच बघत होते, खाली कोपऱ्यातल्या त्या आकड्यांकडे. "त्यात टाइम पन येतो व्हय," ते स्वतःशीच म्हणाले. मग मॅडमना म्हणाले, "ह्यो आमचा मन्या हितं पडद्याम्होरं बसतो ना, बाई. माज्यावर रागावून ड्यूटीला गेलता. म्हटलं, त्याला दिसू दे. पेटवला रं बाबा, आता घोर करू नको." आणि ते माझ्याकडे वळले. "तुला दिसलो नाय का रं काल?"

"नाय काका," मी म्हटलं. "मला दुपारीच घरी पाठवलं व्हतं."